कर्ता नसलेली ओळ

शाळेत मराठीच्या बाई फळ्यावर वाक्य लिहायच्या आणि विचारायच्या, "कर्ता ओळखा." मला ते बऱ्यापैकी जमायचं. आठवी झाली आणि आई अंथरुणाला खिळली. तासगावच्या आमच्या घरात तिचं करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून नववीचा वर्ग मी पाहिलाच नाही. व्याकरणातलं माझ्यापाशी जे आहे ते तेवढंच. कर्ता, कर्म, क्रियापद. त्याचा आयुष्यात काही उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. झाला तो रेगेन्सबर्गमध्ये, एका म्हाताऱ्या जर्मन प्रोफेसरांच्या स्वयंपाकघरात, आणि तोही एका चिनी कवीच्या पायी.

माझे मिस्टर इथे एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक आहेत. ते आधी आले, मी मागून. पुण्याच्या क्लासमध्ये घोकलेलं जर्मन बरोबर आणलं होतं, पण इथल्या माणसाने तोंड उघडलं की ते पाण्यात टाकलेल्या खडीसाखरेसारखं विरघळून जायचं. बेकरीत जायचं तर रस्ताभर वाक्य म्हणत जायची. एक ब्रेड, कापून द्या, थँक्यू. काउंटरवरच्या बाईने उलट एखादा प्रश्न टाकला की संपलं. मग नुसतं "एंटशुल्डिगुंग". माफ करा. हा शब्द मी इतक्या वेळा म्हटलाय की कुणाला ते माझं नाव वाटावं. मराठी मंडळाच्या गणपतीला जावं तर तिथे सगळे कारच्या कंपनीतले इंजिनियर, त्यांच्या बायकाही शिकलेल्या. कुणी "तुमचं शिक्षण?" म्हटलं की मी प्रसादाची प्लेट घेऊन पलीकडे सरकायची.

प्रोफेसरांकडचं काम शेजारच्या तुर्की बाईने मिळवून दिलं. आठवड्यातल्या काही सकाळी जायचं, घर पुसायचं, कपडे धुवायचे, दुपारचं काहीतरी शिजवायचं. घर डोनाऊ नदीच्या पलीकडे, चढावर. ऑक्टोबर लागला की नदीवरून धुकं वर चढायचं आणि खिडकीला येऊन टेकायचं ते दुपार झाली तरी हलायचं नाही. घरात दिवसाही दिवे. भिंतीला पुस्तकं, जिन्याला पुस्तकं, संडासातसुद्धा पुस्तकं. बायको वारलेली. एक मुलगी, ती कोलोनला, रेडिओवर कामाला. भेटायला कुणी येत नसे. दारावरची बेल वाजली तर ते हालचाल बंद करून बसायचे. पोस्टमन निघून गेला की श्वास सोडायचे.

त्यांनी जन्मभर चिनी शिकवलं होतं. आणि जन्मभर एकाच कवीचं भाषांतर केलं होतं. आता ते सगळं शेवटचं तपासून एक पुस्तक काढायचं चाललं होतं. मी कामाला लागल्यावर थोड्याच दिवसांनी, एकदा मी बटाटे सोलत होते तर ते कागद घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "ऐकाल का जरा?" परीक्षाच वाटली. म्हटलं, "मला नाही कळणार, हेअर प्रोफेसर. मी शिकलेली नाही."

"म्हणूनच तुम्हाला विचारतोय," ते म्हणाले. "माझ्या सहकाऱ्यांना सगळंच कळतं. त्यांचा काही उपयोग नाही. तुम्हाला एखादं वाक्य कळलं नाही तर सांगा. चूक माझी असेल, तुमची नाही."

चूक माझी असेल, तुमची नाही. हे मला त्याआधी कुणी म्हणालं नव्हतं, ना शाळेत, ना सासरी, ना या देशातल्या कुठल्या ऑफिसात.

तर तो कवी. त्याचं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही. प्रोफेसर त्याला नुसतं "म्हातारा" म्हणायचे, मग मीही तेच. आणि तो, तो. देवाला आणि कवीला आपल्याकडे एकेरीच असतं. शेकडो वर्षांपूर्वीचा माणूस. नदीच्या उतारावर येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांचा सरकारी कर गोळा करायची नोकरी होती त्याला. एका वर्षी पुरात गावं वाहून गेली तरी वरून हुकूम आला की कर सोडायचा नाही. त्याने टोपी आणि शिक्का टेबलावर ठेवला आणि तो नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, चालत निघून गेला. बायको आणि लहान मुलगा खाली गावात राहिले. तो परत खाली राहायला आलाच नाही. दुधी लावायचा, गळकं छप्पर शाकारायचा, मासे पकडायचा आणि लिहायचा. त्याने लिहिलेलं बरंचसं गेलं. उरलं ते मूठभर.

मोठं काही नसायचं त्यात. दात पडला. शेजाऱ्याची शिडी आणली होती, शेजारी मेला, शिडी कुणाला द्यायची. माझ्या आवडीची कविता मिठाची. मीठ संपतं, म्हणून तो खाली गावात निघतो. कित्येक दिवस कुणाशी बोललेला नाही, म्हणून वाटेत एकटाच बोलून बघतो, मीठ द्या, मीठ द्या. दुकानाशी पोचतो तर आवाज असा फाटका निघतो की दुकानदाराचं लहान पोर रडायला लागतं. तो मीठ न घेताच परत फिरतो आणि घरी येऊन अळणी दुधी खातो. बस, एवढीच.

ती वाचून झाल्यावर प्रोफेसरांनी वर पाहिलं तर मी रडत होते. ते घाबरले. "काही चुकलं का?"

"नाही," मी म्हटलं. "बेकरीत माझं असंच होतं."

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. "अहो, ते मला कविता वाचून दाखवतात. चिनी कवीच्या."

"चायनीज? मग मंच्युरियन येतं का म्हणावं त्याला," हे कांदे चिरता चिरता म्हणाले. मग जरा वेळाने, "तुला कळतं होय गं?"

"कळतं."

"मग ऐक. मला कुणी वाचून दाखवत नाही. मला म्हणतात बटर चिकन गोड करा."

चिनी भाषेत, निदान त्या जुन्या भाषेत, कर्ता बहुतेक वेळा नसतोच, हे मला हळूहळू कळलं. कोण गेलं, कोण बसलं, एक की चार, बाई की बाप्या, काल की उद्या, काही नाही. नुसतं जाणं, बसणं. मी विचारायची, "मिठाला कोण गेलं हे कशावरून?" आणि ते त्यांचं ठरलेलं उत्तर द्यायचे, "दास श्टेट निष्ट दा." तसं तिथे लिहिलेलं नाही. हे म्हणताना ते एकदम कडक व्हायचे. लिहिलेलं नाही ते आपण घालायचं नाही, हा त्यांचा धर्म. पण जर्मनमध्ये कर्त्यावाचून वाक्य उभं राहत नाही. म्हणून दर ओळीला त्यांची लढाई.

एकदा मला म्हणाले, तुमच्या भाषेत म्हणून दाखवा. मी कर्ता गाळून म्हटलं, "मीठ आणायला गेले." आणि मलाच हसू आलं. त्यांना सांगितलं, आमच्याकडे कर्ता लपवला तरी क्रियापद चुगली करतं. म्हातारा बाई झाला माझ्या तोंडात. ते इतके हसले की खोकला लागला.

असं चाललं होतं, आणि शरद ऋतूत ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. मी सकाळी आले तेव्हा थंड फरशीवर पडून होते. हॉस्पिटलमधून परत आले ते चाकाचा वॉकर घेऊन, आणि कोलोनहून मुलीचा फोन आला की आता पुरे. तिच्या घराजवळ एका हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, खोली मिळत होती. अ‍ॅडव्हेंटच्या रविवारी, म्हणजे नाताळाच्या आधी, ती येणार होती, आणि काय ते ठरणार होतं.

प्रोफेसरांना या घरातच मरायचं होतं. दुसरं काही नको होतं. "तिथे जेवायला सगळे एका खोलीत बसतात," ते म्हणाले. "गाणी म्हणायला लावतात." मुलीशी मात्र ते फोनवर "या, या", म्हणजे हो, हो, एवढंच बोलायचे आणि ठेवायचे. मी म्हणायची, तिला सांगा ना. तर म्हणायचे, काय सांगायचं ते तिला ठाऊक आहे. भीती मलाही होती, खोटं कशाला. हे घर गेलं तर माझं काम गेलं असतं. पण त्याहून जास्त म्हणजे मला विचारणारं माणूस गेलं असतं.

त्या दिवसांत ते एका कवितेला चिकटून बसले होते. शेवटची कविता. मुलगा मोठा होऊन बापाला न्यायला डोंगरात येतो. खाली होडी बांधून ठेवलेली असते. बाप दुधी शिजवतो. आणि शेवटची ओळ अशी काहीशी, की बसणं, पाण्याचा आवाज, ऐकणं, उजाडणं. कर्ता नाही. मग उजाडेपर्यंत कोण बसलं? मुलगा रागावून होडी घेऊन गेला आणि बाप एकटा बसला? की दोघं बसले? तरुणपणी छापलेल्या पुस्तकात प्रोफेसरांनी "इश" म्हटलं होतं, मी. आता त्यांना "वीर" म्हणायचं होतं, आम्ही. पण धीर होत नव्हता.

"नुसतं बसणं, ऐकणं असं लिहिलं तर?" मी सुचवलं.

"जर्मनमध्ये ते पाककृतीसारखं वाटतं. कांदा चिरणे, तेल तापवणे." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही काय म्हणाल?"

मी विचार केला आणि अडकले. म्हटलं, "आधी सांगा, हे तो कुणाला सांगतोय?"

"का?"

"आमच्याकडे 'वीर' दोन आहेत."

हे त्यांना समजावायला चहाच लागला. म्हटलं, मी जर म्हणाले की आम्ही चहा घेतो, तर तुम्हाला चहा नाही. मी आणि माझे मिस्टर पिणार, तुम्ही बघत बसणार. आणि म्हणाले आपण चहा घेऊ, की तुमचाही कप काढला. ते ताठ बसले. म्हणाले, पुन्हा सांगा. मग मला सुचत गेलं तसं सांगत गेले की आपण म्हणजे तेवढंच नाही. मोठ्या माणसाला मानाने तुम्ही म्हणायचं तरी आपण. आपण बसावं. आणि कुणाच्यातच नसलो, एकटेच असलो, तरी आपण. आपण आपलं गप्प बसावं, कुणाच्या भानगडीत पडू नये.

"आल्झो," ते सावकाश म्हणाले. "म्हणजे, एकटा. किंवा तुम्ही. किंवा सगळे मिळून. एकाच शब्दात?"

मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. "एंटशुल्डिगुंग," मी म्हटलं.

ते हसले. "छान. माझं काम होतं त्याहून अवघड करून ठेवलंत." पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला होता. 'ण' त्यांना जमेना. "आपान," म्हणायचे. नंतर रोज सकाळी मी आले की वॉकरमागून आवाज यायचा, "आपान काफे?" आणि मी दोन कप काढायची.

रविवारी माझी सुट्टी असते, पण त्यांनी या म्हणून विनवलं होतं. मुलगी केक घेऊन आली. पन्नाशीची, उंच, आवाज असा की रेडिओ लावल्यासारखा. मला नीट हात दिला, माझे सगळ्याबद्दल आभार मानले. बापाला ती तू म्हणते, इथे तसंच असतं. तिने हाइमच्या खोलीचे फोटो मोबाइलवर दाखवले. खिडकीतून झाड दिसत होतं.

"पापा, मी रोज संध्याकाळी येईन. कामावरून सुटले की सरळ."

प्रोफेसर टेबलावर ठेवलेल्या कपांकडे बघत होते. तीन कप होते. मी दारात कॉफीचं भांडं घेऊन उभी.

"वीर ब्लायबन हीर," ते म्हणाले.

जर्मनमध्ये ते इतकंच. आम्ही इथेच राहू. किंवा, आपण इथेच राहू.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. "वीर? वीर म्हणजे कोण? तू आणि तुझी पुट्झफ्राउ?"

तिने ते वाईट अर्थाने म्हटलं नसेल. मी घर पुसणारी बाईच आहे. पण माझ्या कानांनी तिथे आपण ऐकलं होतं. मला वाटलं, हा माणूस जन्मात पहिल्यांदा मुलीला थांब म्हणतोय, आणि तिला ते पोचत नाहीये, कारण या भाषेला तो शब्दच नाही. मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. आणि बोलले. "एंटशुल्डिगुंग. त्यांना कदाचित तुम्हालाही धरून म्हणायचंय. आमच्या भाषेत एक शब्द आहे, तो मी त्यांना..."

"तुम्ही फार चांगल्या आहात," ती मला थांबवत म्हणाली. आवाज चढवला नाही. "पण मी या घरात लहानाची मोठी झालेय. इथे 'वीर' म्हणजे पापा आणि तो चिनी. आई आणि मी कायम दाराबाहेर. 'हळू, आम्ही काम करतोय.' लहानपणी मला वाटायचं, आत खरंच दुसरा कुणी माणूस आहे."

मग ती त्यांच्याकडे वळली आणि वेगळ्याच, लहान आवाजात विचारलं, "पापा, त्यात मी आहे का?"

मी मनात म्हणत होते, हो म्हणा. नुसतं 'या' म्हणा. फोनवर रोज म्हणता ते.

त्यांनी तोंड उघडलं. आणि सवयीने, जन्मभराच्या सवयीने, ते म्हणाले, "दास श्टेट निष्ट दा."

तसं तिथे लिहिलेलं नाही.

म्हणाले आणि स्वतःच दचकले. मी पाहिलं ते. पण मुलीने पाहिलं नाही. ती कोट घालत होती. रात्री ती हॉटेलात राहिली. केक तसाच राहिला, झाकून फ्रिजमध्ये ठेवला तो मीच.

सोमवारी सकाळी गेले तेव्हा ते टेबलाशी होते. कॉफीचं विचारलं नाही. त्यांच्यासमोर ती कविता होती.

"मुलगा थांबला नाही," ते म्हणाले. "मला हे कायम ठाऊक होतं. तो थांबला असता तर म्हाताऱ्याने ही कविता लिहिली नसती. मुलाशी बोलत बसला असता."

मग म्हणाले, "तिला फोन लावून द्याल? सांगा, मी येतो."

"इथे राहायचं म्हणत होतात ना?"

"म्हणत होतो." त्यांनी वॉकरची दांडी धरली. "इथे राहिलो तर तिने जे सांगितलं तेच खरं ठरेल."

मी फोन लावला. ती म्हणाली, हॉटेलातून निघतेच आहे.

कपडे मी भरले. पुस्तकं त्यांनी नेऊ दिली नाहीत, एकही नाही. मी म्हटलं, निदान म्हाताऱ्याचं न्या. तर मान हलवली. ती गाडी घेऊन आली आणि दोघींनी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवलं. बेल्ट लावताना तिचा हात त्यांच्या छातीवरून गेला तेव्हा दोघंही अवघडून दुसरीकडे बघायला लागले, अनोळखी माणसं बसमध्ये चेपली गेली की बघतात तसे. मला त्यांनी हात दिला. काही म्हणायचं होतं त्यांना, पण मागे दुसरी गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. धुकं होतं, वळणाच्या आधीच दिवे दिसेनासे झाले. वर जाऊन मी हीटर बंद केले, फ्रिज रिकामा केला, आणि संध्याकाळी यांच्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन मागच्या खोलीत बसून राहिले. थोड्या वेळाने हे माझ्यासाठी वरण-भात घेऊन आले, मेनूत नसलेला.

पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. "तुम्हाला त्रास देतेय. ते जेवत नाहीत. त्यांना अंडं कसं लागतं?"

"मऊ," मी म्हटलं. "आणि मीठ आधी घालायचं नाही, बाजूला द्यायचं."

मग येतच राहिले फोन. कॉफीत दूध चालतं का? झोपताना खिडकी उघडी लागते का? डावा बूट घालताना ओरडतात, काय करू? मी सगळं सांगायची. अंगठ्याला जखम झाली होती, तिथे कापूस ठेवा. सूप गरम लागतं, इतकं की तुम्हाला वाटेल भाजेल. ती पलीकडे लिहून घेत असावी, पेनचा आवाज यायचा. एकदा म्हणाली, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं." मी म्हटलं, मलाही नव्हतं, काम करता करता कळलं. तुम्हालाही कळेल. बोलून झाल्यावर मला हलकं वाटायचं नाही. माझ्याकडे त्यांचं जे होतं ते एकेक करून मी देऊन टाकत होते, आणि ते तिचंच होतं, त्यामुळे हातचं राखताही येत नव्हतं.

बोलतात का ते तुमच्याशी, असं एकदा धीर करून विचारलं. ती म्हणाली, "थोडं. हवेबद्दल."

फेब्रुवारीनंतर फोन आला नाही. तिला आता सगळं माहीत झालं असणार, विचारायचं काही उरलं नसणार, असं मी धरून चालले आहे. दुसरं काय असू शकतं तेही मला कळतं. मी उलट फोन करू शकते, नंबर आहे. यांचं दोनदा म्हणून झालं, "अगं, लाव की." पण वाक्य जुळवते, मनात म्हणून बघते, आणि मोबाइल ओट्यावर पालथा ठेवते.